भिलाईच्या कपाटातले नागपूर

भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याचे दावे १९३६ पासून तीन उच्च न्यायालयांच्या अधिकाराखाली आले: प्रथम नागपूर, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर जबलपूर आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाल्यावर बिलासपूर. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या मालगुजारांचे मालकी हक्क १९५० च्या कायद्याने संपुष्टात आले. तथापि त्या हक्कांतून निघालेल्या जमिनीच्या वादांचा अभ्यास करायचा, तर विद्यार्थ्याला नागपूरच्या निकालांपर्यंत मागे जावे लागते. नागपूर उच्च न्यायालयाचे अखेरचे मुख्य न्यायाधीश एम. हिदायतुल्ला हेच पुढे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले, आणि रायपूरला २००३ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय विधी विद्यापीठ त्यांचेच नाव धारण करते. देशभरातील वकिलांच्या कपाटात दिसणारी ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ (एआयआर) ही निकालमालिकाही नागपूरचीच. तिचे संस्थापक व्ही. व्ही. चितळे.

अशा वारशाच्या प्रदेशात विधी ग्रंथपालाचे काम पुस्तके देण्याघेण्यापुरते कधीच नव्हते. पूर्वनिर्णय, म्हणजे वरिष्ठ न्यायालयाचा पुढील खटल्यांत बंधनकारक ठरणारा निकाल, कोणत्या खंडात सापडेल हे सूचींच्या आधारे सांगणे ही त्याची विद्या होती. २००८ मध्ये ‘इंडियन कानून’ हे विनामूल्य शोधस्थळ सुरू झाले, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपले निकाल ‘ई-एससीआर’वर सर्वांना खुले केले, आणि निकाल सापडणे ही अडचण बहुतांशी उरली नाही. सापडलेला निकाल आज टिकून आहे की नाही, हा प्रश्न मात्र अधिक बिकट झाला.

भिलाईसारख्या पोलादनगरीतल्या विद्यार्थ्याला जवळचा वाटणारा कंत्राटी कामगारांचा विषय घेतला, तर ही अडचण स्पष्ट दिसते. ‘एआयआर १९९७ एससी ६४५’ या दाखल्याखाली एअर इंडियाच्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मिळतो. कंत्राटी पद्धत कायद्याने बंद झाली की ते कामगार आपोआप मूळ मालकाचे कामगार होतात, असे तो सांगतो. परंतु भिलाईचा कारखाना ज्या कंपनीचा आहे, त्या स्टील अथॉरिटीच्याच एका प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २००१ मध्ये (एआयआर २००१ एससी ३५२७) तो निकाल मोडीत काढला, आणि तोही पुढील काळापुरता, म्हणजे आधीच अंतिम झालेल्या आदेशांना धक्का न लावता. पहिला निकाल वाचून थांबणारा विद्यार्थी चुकीचा कायदा शिकतो. दुसऱ्यापर्यंत त्याला नेणे, आणि तिथून पुढे काय झाले हे तपासायला लावणे, हे आज ग्रंथपालाचे मुख्य अध्यापन आहे.

निकालांप्रमाणे कायदेही बदलतात: १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ वरून १०३ वर गेले. मात्र त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू असल्याने दोन्ही संहिता शेजारी ठेवाव्या लागतात. त्यातच कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अस्तित्वात नसलेले निकालही बेधडक सांगतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने असे बनावट दाखले सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. मूळ निकाल उघडून पाहण्याची सवय त्यांनी पाळली असती, तर हे प्रकरण उद्भवलेच नसते.

ग्रंथपालाच्या कामातील या बदलाला आपली व्यवस्था पुरेशी सरावलेली नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत ग्रंथालयावरील किमान वार्षिक खर्च एका विधी अभ्यासक्रमासाठी ५०,००० आणि दोन अभ्यासक्रमांसाठी १ लाख रुपये आहे, तर नियतकालिकांचे किमान १० वर्षांचे जुने खंड पुरेसे मानले आहेत. भिलाईच्या विद्यार्थ्याला ही १० वर्षे २००१ च्या निकालापर्यंतही पोहोचवत नाहीत, मग नागपूरची गोष्टच दूर. सशुल्क निकालकोश मोठ्या विद्यापीठांना परवडतात. लहान महाविद्यालयांत उणीव भरून निघेल ती विनामूल्य साधने नीट वापरायला शिकवणाऱ्या माणसामुळेच. म्हणूनच ग्रंथालयशास्त्राच्या पदवीबरोबर कायद्याचे शिक्षण घेतलेला ग्रंथपाल नेमणे, त्याला अध्यापकाचा दर्जा देणे आणि वेळापत्रकात त्याचे तास राखणे आवश्यक आहे. त्या तासांची सुरुवात अगदी साधी असू शकते: पहिल्या सत्रातील प्रत्येक विद्यार्थ्याला एक जुना दाखला द्यावा, आणि तो निकाल पुढे कुठे उचलला गेला, कुठे मर्यादित झाला व आज बंधनकारक आहे की नाही, हे मूळ निकालपत्रे वाचून लिहून आणायला सांगावे.