पाखाडीची वाट चालती ठेवूया

शिमगा झाला, पालखी घरोघर फिरून देवळात परतली, चाकरमानी मुंबईला गेले. काजू वेचणं सुरू आहे, पण आंब्याची घाई अजून पुढे आहे. फाल्गुन-चैत्रातल्या या दिवसांत आपल्या रानातल्या वाटांवर सकाळी चालायला कसं जायचं, आणि जिला जमेल तिने धावायला कसं जायचं, हे आज आम्ही सांगणार आहोत. आम्ही म्हणजे संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतल्या बचत गटाच्या बारा जणी.

गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा हशाच पिकला. एक काकी म्हणाल्या, "दिवसभर काय आम्ही बसून असतो? गुरांमागे चाला, पाण्याला चाला, लाकडाला चाला. आता आणखी मुद्दाम चालायचं होय?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. जिच्या डोक्यावर रोज मोळी आहे तिला व्यायाम सांगणं म्हणजे थट्टाच. पण मग आम्ही एकेकीला विचारत गेलो. गॅस आल्यापासून लाकडाला रोज कोण जातं? चौघी. नळ दारात आल्यापासून विहिरीवर? दोघी. बाजाराला? सगळ्या रिक्षाने. आणि साखरेची नाहीतर रक्तदाबाची गोळी कुणाला चालू आहे? पाच हात वर झाले. काकींचाही झाला. आपण खूप चालतो असं जे आम्हाला वाटत होतं, ते दहा वर्षांपूर्वीचं होतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने आठवड्यातून निदान 150 मिनिटं बऱ्यापैकी जोरात चालावं किंवा तेवढीच हालचाल करावी. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास. जोरात म्हणजे किती? चालताना शेजारणीशी बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतकं. एवढं माप पुरे, त्याला घड्याळ लागत नाही.

आता चालायचं कुठे? डांबरी रस्त्यावर डंपर आणि दुचाक्या. पण आपल्याकडे पाखाड्या आहेत. जांभ्याचे चिरे लावून बांधलेली पायऱ्यांची वाट, एका वाडीतून दुसरीत, देवळाकडे, वहाळाकडे, खाली बाजाराकडे उतरणारी. शेजारी गडगा, वर झाडांची सावली. आपल्या आज्या या वाटांनी माहेरी गेल्या, आणि पालखी आजही कितीतरी गावांत पाखाडीनेच उतरते. गाडीरस्ता वळणं घेत जातो, पाखाडी सरळ जाते. म्हणून ती जवळची आणि चढणीची. पायांना आणि छातीला याहून चांगला व्यायाम नाही.

आमच्या वाडीची अशीच एक पाखाडी वरच्या धनगरवाडीला जाते. रस्त्याने ती वाडी चार किलोमीटर, पाखाडीने वीस-पंचवीस मिनिटं. पहिल्या रविवारी आम्ही त्या वाटेने निघालो. अर्ध्यावर गेलो तर समोर तारेचं कुंपण. पलीकडे काजूची नवी कलमं. जमीन विकली गेली होती हे माहीत होतं, पण वाट बंद झाल्याचं आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं. कुंपण घालून दीड वर्ष झालेलं. दीड वर्षात आमच्या वाडीतलं कुणी त्या वाटेला फिरकलंच नव्हतं.

आम्हाला राग आला, पण तो कुणावर काढायचा? नव्या मालकाने जमीन बघितली तेव्हा तिथे करवंदीची जाळी माजली होती. वाट आहे असं त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि दिसलीही नाही. वाट चालण्याने पडते आणि न चालल्याने मोडते. ती आम्हीच मोडली होती.

धनगरवाडीच्या बायकांना मात्र हे पहिल्या पावसातच कळलं होतं. रस्त्यावर दरड आली, गाडी वर जाईना, आणि एका अडलेल्या सुनेला डोलीतून खाली आणायची वेळ आली. पाखाडी बंद म्हणून माणसं तिला वहाळाच्या कडेने, निसरड्या दगडांवरून घेऊन आली. बाई आणि बाळ दोघं सुखरूप आहेत. पण पुढच्या वेळेचं कोण सांगणार?

मग आम्ही चौकशी केली, ती तुमच्याही कामाची आहे. गावचा नकाशा तलाठ्याकडे बघायला मिळतो. त्यात जुन्या पाऊलवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. आपली वाट त्यात आहे का हे आधी बघून घ्या. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. पण तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. आमचं दीड वर्ष उलटून गेलेलं. तो दरवाजा आमच्यासाठी बंद झाला होता.

शेवटी आम्ही बारा जणी आणि धनगरवाडीच्या सात जणी मालकांकडे गेलो. भांडायला नाही. नकाशा दाखवला, डोलीची हकिकत सांगितली. विषय ग्रामसभेत मांडला. महिन्याभराने त्यांनी कुंपणात जागा ठेवून बेडं लावलं. आमच्याकडून एकच कबुली घेतली की जाता-येता बेडं लावायचं आणि कलमांना हात लावायचा नाही. ती आम्ही पाळतो. दर रविवारी त्या वाटेने जातो. आता तिथे पुन्हा वाट दिसते.

म्हणून मैत्रिणींनो, आपण चालतो तेव्हा दोन कामं होतात. आपली तब्येत राहते आणि गावची वाट राहते. आपल्या जिल्ह्यात सरकारी जंगल थोडं, बहुतेक रान खाजगी मालकीचं. त्यामुळे वाट वापरात असणं हाच तिचा मोठा पुरावा आहे.

आता कसं जायचं ते सांगतो. पहिली गोष्ट, वेळ. उजाडताना निघा आणि साडेआठच्या आत घरी या. वसंत म्हटलं की गारवा वाटतो, पण आपल्या कोकणात मार्चमध्ये पूर्वेकडचा वारा सुटला की पारा कधीकधी मे महिन्याच्याही वर जातो. एकदा आम्ही निघायला उशीर केला आणि सड्यावर साडेदहा वाजले. सड्यावर सावली नाही, खालून कातळ तापलेला. एका वहिनींना चक्कर आली, हातापायांत गोळे आले. त्यांना झाडाखाली नेऊन कपडे सैल केले, ओल्या पदराने अंग पुसलं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. आता बाटली भरूनच निघतो. अशा वेळी बाई बरळायला लागली किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात काही घालू नका, अंगावर पाणी ओता आणि 108 ला फोन लावा.

दुसरी गोष्ट, पायात काय घालायचं. सपाता घसरतात. पट्ट्याची चप्पल किंवा साधे कापडी बूट चालतात. साडी असेल तर काष्टा नाहीतर घोट्याच्या वर खोचलेली, सलवार असेल तर उत्तमच. पाखाडी उतरताना पावलं छोटी टाका आणि गुडघा किंचित वाकलेला ठेवा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हातात काठी घ्यावी. त्यात लाज कसली?

तिसरी गोष्ट, जनावर. जांभ्याच्या दगडाखाली फुरसं असतं. लहान असतं, पण विषारी. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं. म्हणून गडग्याच्या फटीत हात घालू नका, दगड उचलू नका, पाचोळ्यात काठी आपटत चला. साप चावला तर कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता थेट ग्रामीण रुग्णालय गाठा, तिथे लस मिळते. लाल विंचवाचंही तसंच. चावल्यावर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं असं काही दिसलं तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी कोकणातल्याच रुग्णांवर काम करून दाखवून दिलं की प्राझोसिन या गोळीने विंचवाने होणारे मृत्यू खूप कमी होतात. त्यासाठी वेळेवर पोचायला हवं. बिबट्या आणि गवा माणसाचा आवाज ऐकून बाजूला होतात, म्हणून घोळक्याने, बोलत चला. आग्या मोहोळ दिसलं तर मात्र बोलणं बंद, वाट बदला.

चौथी गोष्ट, आग. भाजावळीची ठिणगी, काजू भाजून तशीच ठेवलेली चूल, विडीचं थोटुक, एवढ्यानेच वणवा लागतो आणि शेजाऱ्याची सगळी बाग जाते. रानात आग पेटवायची नाही. धूर दिसला तर लगेच वाडीत आणि वनरक्षकांना कळवा.

आता धावण्याचं. आमच्या दोन मुली भरतीची तयारी करतात. पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर धावावं लागतं, वनरक्षक भरतीत 3 किलोमीटर. मैदान लांब, म्हणून त्या पहाटे सड्यावरच्या मातीच्या वाटेने धावतात आणि आम्ही मागून चालतो. त्यामुळे त्यांच्या घरचेही निश्चिंत. नवीन धावणारीने एक मिनिट धावावं, दोन मिनिटं चालावं, असं वीस मिनिटं. दर आठवड्याला धावणं थोडं वाढवावं. पाखाडीच्या पायऱ्यांवर धावू नये, तिथे चालावंच. गरोदर असाल, छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर आधी आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारा.

लता करे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 2013 साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या या बाई नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या. त्यांना आमचा नमस्कार आहे. पण बाईने धावायला घरात संकटच यायला हवं का? आपल्या स्वतःच्या पायांसाठी, स्वतःच्या छातीसाठी रविवारचे दोन तास आपल्याला मिळायला हवेत.

आणि त्या दोन तासांत काय दिसत नाही! पांगारा लाल झालेला, कुसुंबाची तांबूस कोवळी पालवी, देवराईच्या कडेला अंजनीच्या फांद्यांना चिकटलेली निळी-जांभळी फुलं, करवंदीच्या फुलांचा वास. या दिवसांत धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंड्यांवर बसते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. हे ऐकून आमच्या काकी म्हणाल्या, "तिला तरी कुणी आयतं भरवतं!" आणि सगळ्या पोट धरून हसलो.

तर येत्या बैठकीत एवढं ठरवा. वाडीच्या जुन्या वाटा कोणत्या, त्यातली कोणती मोडत आली आहे, आणि रविवारी कुठे भेटायचं. एक कोयती बरोबर घ्या, वाटेवर आलेल्या काटेरी फांद्या छाटण्यापुरती. घरी येऊन भाकरी टाकायला उशीर झाला तर होऊ दे. आमच्या घरी पहिल्या रविवारी कुरकुर झाली. तिसऱ्या रविवारी परतलो तेव्हा चहा तयार होता.