बोडक्या डोंगराच्या पोटातले जंगल

परभणी म्हटले की गोदाकाठची काळी जमीन, कापूस आणि ज्वारी डोळ्यांसमोर येते. पण जिल्ह्याच्या उत्तरेला, जिंतूर तालुक्यात, अजिंठ्याच्या रांगांचे फाटे पसरले आहेत आणि दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटचे डोंगर आहेत. तिथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो, त्याखाली मांजऱ्या खडक नाहीतर काळा कातळ. अशा उतारावर दर पावसाळ्यात खड्डे घेऊन रोपे लावली जातात आणि एप्रिल-मेच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात त्यातली कितीतरी वाळून जातात.

खडक सगळीकडे एकच आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट. तो झिजून चिकण काळी माती होते, पण उतारावर ती ठरत नाही. पाऊस तिला खाली नेतो. म्हणून माथ्यावर कातळ, मधल्या उतारावर मुरमाड जमीन, पायथ्याला मध्यम आणि नदीकाठी खोल काळी, अशी उतरंड तयार होते.

देशी झाडांनी हीच उतरंड ओळखून आपापली जागा धरलेली असते. माथ्यावरच्या भेगांत सालई आणि मोई मूळ धरतात. दोन्हींची जाड फांदी रोवली तरी फुटते. उतारावरच्या मुरमात धावडा, खैर आणि टेंभुर्णी येतात. ज्याचा डिंक आपण हिवाळ्यात लाडवांत घालतो, तो हाच धावडा. पायथ्याच्या मातीत पळस, हिवर, बोर आणि बाभूळ. मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प बांधावर हिरवळीच्या खतासाठी उत्तम, पण त्याच एका झाडाने डोंगर भरला तर ही उतरंड मोडते.

झाडांच्याही आधी माती धरते ते गवत. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आदळला की कण सुटतात आणि पाण्याबरोबर वाहतात. गवताची पाती त्या थेंबाचा मार झेलतात आणि तंतुमुळे माती बांधून ठेवतात. उजाड माळावर बहुधा कुसळी दिसते. तिचे एक बी तळहातावर घेऊन पाहा. टोक सुईसारखे, त्यावर मागे वळलेले बारीक केस आणि वर लांब, पीळ पडलेले कुसळ. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की पीळ उलगडू लागतो आणि कुसळ गरगर फिरते, वाळले की पुन्हा पीळ बसतो. मागे वळलेल्या केसांमुळे बी परत वर येत नाही, दर फिरण्यासरशी थोडे आतच जाते. ना नांगर, ना पाभर, बी स्वतःच जमिनीत शिरते. चराईपासून राखण झाली की पुढे उतारावर पवन्या आणि जरा खोल मातीत मारवेल वाढतो. ही दोन्ही गवते जनावरे आवडीने खातात.

वरून बोडक्या दिसणाऱ्या डोंगराखालीही बरेच काही जिवंत असते. पळस आणि टेंभुर्णी तोडली तरी मुळांतून फुटवे येतात, धावडा खुंटातून फुटतो. गुडघ्याएवढे दिसणारे झुडूप म्हणजे कधी कधी कित्येक वर्षांचे जुने मूळ असते. त्याचा नवा शेंडा दरसाल कुऱ्हाड, वणवा किंवा शेळी संपवते. पळसाचा पाला जनावरे सहसा खात नाहीत, म्हणून तो एकटा तग धरून दिसतो. असे फुटवे राखले तर ते नव्या रोपापेक्षा लवकर वाढतात, कारण मूळ आधीच मुरमात खोल गेलेले असते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० च्या दशकात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून अशी राखण करून दाखवली. जलसंधारणाच्या कामांना राखणीची जोड मिळाली आणि डोंगरावर गवत व झाडोरा परतला. तिथे चराईबंदीचा अर्थ जनावरे उपाशी ठेवणे असा नव्हता. जनावरे वर न सोडता गवत विळ्याने कापून खाली आणले गेले.

जिंतूर-गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यालाही हाच मार्ग लागू पडतो. शेळ्या-मेंढ्यांवर ज्यांचे घर चालते, त्यांना ग्रामसभेत सोबत घेऊन डोंगराचा एक भाग राखायचा आणि उरलेला चराईला मोकळा ठेवायचा. कापलेल्या गवतात पहिला वाटा त्यांचा. जिथे खुंट आणि मुळे जिवंत आहेत तिथे खड्डे घ्यायचे नाहीत, फुटव्यांपैकी जोमदार तेवढे ठेवायचे. जिथे काहीच उरले नाही, तिथे समतल चर खोदून भरावावर त्याच गावच्या झाडांचे ताजे बी टोचायचे. पळसाचे बी, म्हणजे पळसपापडी, पावसाच्या तोंडावर झाडाखालीच मिळते. रोपांची मागणी नोंदवण्याआधी गावाने आपल्या डोंगरावरचे जिवंत खुंट मोजावेत. किती रोपे लागतील, याचा खरा हिशेब त्यानंतरच करता येईल.