पाचशे वॉटचा एसएमपीएस, पण कुठले पाचशे?

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत गेमिंग पीसीची यादी घेऊन उभे राहा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर अर्धा तास घासाघीस होते, आणि पीसीला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसची पाळी आली की दोन वाक्यांत विषय मिटतो: ‘पाचशे वॉटचा टाका. कॅबिनेटबरोबर येतो तोही चालेल.’

तो चालेलच असे नाही. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसच्या अंगावरचा कागद वाचून बघा. वर ठळक ‘४५० वॉट’ आणि खाली बारीक अक्षरांत वेगवेगळ्या व्होल्टेजचे तक्ते. त्यात १२ व्होल्टच्या पुढे १६ अँपिअर असा आकडा असेल, तर गुणाकार होतो १९२ वॉट. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टवरूनच घेतात, म्हणजे तुमच्या कामाचे वॉट तेवढेच. उरलेले ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यात दाखवलेले असतात, आणि त्यांना आता फारसे गिऱ्हाईक नाही. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॉट दिसतात. खरेदीला गेल्यावर एकच गोष्ट बघायची झाली, तर हा रकाना बघा.

दुसरे टोकही आहेच: ‘हजार वॉटचाच घे, पुढे बघायला नको.’ आरटीएक्स ४०७० कार्ड २०० वॉट घेते. रायझन ५ ७६०० प्रोसेसर जास्तीत जास्त ८८. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे साठ-सत्तर धरले तरी बेरीज साडेतीनशेच्या आसपास येते. एनव्हिडिया या कार्डासाठी ६५० वॉट सुचवते, कारण तुमच्या कॅबिनेटमध्ये कसला एसएमपीएस आहे हे तिला ठाऊक नसते. दर्जेदार ५५० वॉटवर हा पीसी निवांत चालतो आणि ६५० घेतला की पुढच्या कार्डाचीही सोय होते. त्यावरचे पैसे मी तरी रॅममध्ये घालीन.

मात्र हजार वॉटचा घेतला म्हणून वीजबिल फुगते, हीही अफवाच. पीसी मागेल तेवढीच वीज एसएमपीएस ओढतो. वर थोडी उष्णतेत जाते, आणि किती जाते ते ‘८० प्लस’चे ब्राँझ, गोल्ड हे शिक्के सांगतात. साडेतीनशे वॉटच्या भाराला ९० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून सुमारे ३९० वॉट घेईल, ८५ टक्क्यांचा ४१२. रोज चार तास खेळलात तरी फरक महिन्याला तीन युनिटांच्या आत. केवळ बिल वाचवायला गोल्ड घेणाऱ्याची वसुली कधी होणार ते त्यानेच मोजावे.

शिवाय हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षिततेचा नाही. गिगाबाइटचा जीपी-पी७५०जीएम हा ७५० वॉटचा एसएमपीएस गोल्ड शिक्क्याचाच होता. २०२१ मध्ये चाचण्यांत त्याचे नग फुटू लागले आणि कंपनीला ते बदलून द्यावे लागले. आणखी एक मेख: ८० प्लसची चाचणी २३ अंश तापमानात होते. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात बंद खोलीतल्या कॅबिनेटमध्ये २३ अंश कुठून आणायचे? म्हणून पूर्ण वॉट ४० अंशांपर्यंत मिळतात की ५० पर्यंत, हे कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा. विदर्भ-खानदेशात राहणाऱ्याने तर नक्कीच.

गेम ऐन रंगात असताना पीसी फटकन बंद होतो, तेव्हा ‘कार्ड गेलं’ असा निदानाचा झपाटा सुरू होतो. पुष्कळदा कार्ड ठणठणीत असते. नवी कार्डे क्षणभर सरासरीपेक्षा कितीतरी जास्त वीज मागतात आणि कमकुवत एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० या मानकात अट आली: नवा सोळा पिनांचा कनेक्टर असलेल्या, ४५० वॉटवरच्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भाराचा झटका १०० मायक्रोसेकंद झेलला पाहिजे.

यूपीएसबाबतचा घोळ तर घरोघरी. ‘६०० व्हीए’ म्हणजे ६०० वॉट नव्हे; घरगुती यूपीएसमधून साधारण ३६० वॉटच मिळतात. वरचा पीसी भिंतीतून ३९० वॉट ओढत असताना वीज गेली, तर गेम सेव्ह करायलाही सवड मिळणार नाही.

आणि मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या करता येणारा एसएमपीएस बदलताना ‘केबली सारख्याच दिसतात, जुन्याच राहू देत’ असे कुणी म्हणाले, तर हात धरा. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना कंपनीगणिक बदलते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. चुकीची केबल लावली की हार्ड डिस्क पहिल्याच बटनाला जळू शकते. जुन्या केबली जुन्याच एसएमपीएसबरोबर, त्याच्याच खोक्यात बांधून ठेवा.