ड्रॅगन, घरभाडं आणि न्याय

मे २००७ संपता संपता लाइव्हजर्नल या अमेरिकी संकेतस्थळावरच्या सुमारे पाचशे नावांवर आडवी रेघ उमटली. तिथे खातं बंद झालं, की त्याचं नाव असं खोडलेलं दिसायचं. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या एका गटाने कंपनीकडे तक्रार केली होती. कंपनीने 'आवडीचे विषय' या रकान्यात बलात्कारासारखे शब्द असलेली खाती हुडकली आणि सरसकट बंद करून टाकली. त्यांत हॅरी पॉटरच्या पात्रांवर प्रौढांसाठी कथा लिहिणारा गट होता. 'लोलिता' कादंबरीवर स्पॅनिशमधून चर्चा करणारा गट होता. आणि लैंगिक अत्याचार सोसलेल्यांनी एकमेकांना धीर देण्यासाठी चालवलेले गटही होते. काही दिवसांत कंपनीने माफी मागितली आणि बरीच खाती परत सुरू केली. ही घटना आजवर मुख्यतः अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने सांगितली गेली आहे. मला त्यात दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जादूगारांच्या कथा लिहिणारे आणि अत्याचाराची जखम घेऊन जगणारे एकाच जाळ्यात सापडले, कारण ते आधीपासून एकमेकांचे शेजारी होते. कित्येकदा तर ती एकच व्यक्ती असायची.

हा शेजार कसा जमला, हे समजायचं तर लाइव्हजर्नलची घडण पाहावी लागते. १९९९ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक या विद्यार्थ्याने ते मित्रमंडळींसाठी सुरू केलं. प्रत्येकाची एक रोजनिशी, आणि आपण ज्यांना यादीत घेतलं त्यांच्या सगळ्या नोंदी एकाखाली एक एकाच पानावर. कुठली नोंद कोणी वाचावी, हे लिहिणाऱ्यानेच ठरवायचं; हवी ती नोंद फक्त जवळच्यांपुरती कुलूपबंद ठेवता यायची. फॅन्टसीचे चाहते इथे हजारोंनी आले आणि त्यांचं रोजचं वाचन काही वेगळंच होऊन बसलं. वर हॅरी पॉटरच्या हॉगवर्ट्स शाळेच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या 'हाउस-एल्फ'च्या गुलामीवर दीर्घ टिपण, त्याखाली कुणाची नोकरी गेल्याची बातमी, त्याखाली समलिंगी विवाहाच्या कायद्यावरची तळमळ, आणि त्याखाली पुन्हा ड्रॅगनच्या कथेचा पुढचा भाग. मासिकांत आणि वर्तमानपत्रांत या गोष्टींची पानं वेगळी असतात. माणसाच्या दिवसात ती वेगळी नसतात. लाइव्हजर्नलचं पान वर्तमानपत्रासारखं नव्हतं, दिवसासारखं होतं.

त्या पानावरच्या लेखनातही हीच सरमिसळ दिसते. चाहत्यांनी लिहिलेल्या कथांना फॅनफिक्शन म्हणतात. तिचा एक जुना आणि लोकप्रिय प्रकार म्हणजे एक पात्र जखमी होतं, मोडून पडतं आणि दुसरं त्याची शुश्रूषा करतं. मूळ मालिकेतला नायक तलवारीचा घाव खाऊन पुढच्या प्रसंगात ताठ उभा असतो. चाहत्यांच्या कथेत तो ताप येऊन पडून राहतो, रडतो, त्याला कुणीतरी पेज भरवतं. दुसरा प्रकार राजपुत्रांना आणि चेटकिणींना उचलून कॉफीच्या दुकानात कामाला लावतो, जिथे त्यांना पाळ्या सांभाळायच्या असतात आणि महिनाअखेरीला भाडं भरायचं असतं. हे लेखन करणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या आणि आहेत. मूळ कथेने जे गाळलं ते त्या भरतात: थकवा, आजारपण, पैशाची ओढाताण, कुणीतरी विचारपूस करावी ही इच्छा. स्वतःच्या नावावर जे सांगायला जीभ रेटत नाही, ते उसन्या पात्राच्या तोंडून सांगता येतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की न्यायाची भाषा या सांगण्यातूनच जन्मते. दुःख आधी उच्चारलं जावं लागतं. मग ते आपल्या एकटीचं नाही, हे कळतं. मग ते असं का आहे, हा प्रश्न पडतो. या तीन पायऱ्यांतली पहिली पायरी कथेने सोपी केली.

मराठी वाचकाला हा क्रम अनोळखी वाटू नये. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईने सीतेचा वनवास गायला, तेव्हा ती रामायणाची उजळणी करत नव्हती. सासुरवास, माहेरची ओढ, दळणाचा ताण हे सगळं त्या सीतेच्या आडून बोलत होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत राम आहे, विठ्ठल आहे, पाठीराखा भाऊ आहे आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. देवकथा, रोजचे कष्ट आणि समतेची आस एकाच गळ्यातून आणि एकाच चालीत आली. महात्मा फुल्यांनी १८७३च्या 'गुलामगिरी'त दशावतारांची कथा हरलेल्यांच्या बाजूने वाचली, तेव्हा वामनाच्या पायाखालचा बळी हा अन्याय झालेला राजा म्हणून उभा राहिला. धर्मग्रंथ आणि करमणुकीची कादंबरी यांना मी एका तागडीत घालत नाही. पण सगळ्यांना ठाऊक असलेली कथा घ्यायची आणि तिच्या कडेला उभ्या केलेल्या माणसाच्या जागेवरून ती पुन्हा सांगायची, ही कृती दोन्हीकडे सारखीच आहे.

इंग्रजी फॅन्टसीत कडेला उभं असणं हा बराचसा रंगाचा प्रश्न होता. अर्सुला ले ग्विन यांनी १९६८च्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये नायक गेड मुद्दाम तांबूस-तपकिरी वर्णाचा रंगवला होता. २००४ मध्ये टीव्ही मालिका आली तेव्हा तो गोरा झाला, आणि ले ग्विन यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिलं. २०१० मध्ये 'द लास्ट एअरबेंडर' या चित्रपटात तेच घडलं. मूळ अ‍ॅनिमेशन मालिका आशियाई आणि इन्यूइट संस्कृतींवर बेतलेली होती; चित्रपटातली तीन मुख्य चांगली पात्रं गोऱ्या कलाकारांकडे गेली आणि शत्रुपक्षाचा राजपुत्र देव पटेलकडे. याविरुद्धची मोहीम चाहत्यांनीच इंटरनेटवर उभी केली. या दोन घटनांच्या दरम्यान, जानेवारी २००९ मध्ये, लाइव्हजर्नलच्या परिसरात एक वाद पेटला आणि काही महिने धुमसत राहिला. आपल्याहून वेगळ्या वंशाची पात्रं कशी लिहावीत, यावर एका गोऱ्या लेखिकेने लिहिलं होतं. एका वाचकाने उत्तर दिलं, की तुमच्याच कादंबरीतलं कृष्णवर्णीय पात्र वाचताना मला काय झालं ते ऐका. मग शेकडो जणांनी लिहिलं. लहानपणी गोष्ट रचताना आपल्या हातून आपोआप गोरी, निळ्या डोळ्यांचीच माणसं का उतरायची, हे लोकांनी सांगितलं. चाहत्यांच्या संमेलनात आपण एकटेच वेगळे दिसतो तेव्हा काय वाटतं, हेही सांगितलं. वंशभेदावरच्या चर्चेत रोजच्या जगण्याचा पुरावा आला, आणि तो दुसऱ्या कुठल्या मार्गाने आला नसता.

त्यातून काय निघालं, ते तपासता येतं. त्याच वर्षी श्वेतेतर चाहत्यांना फॅन्टसी संमेलनांना जाता यावं म्हणून लिलावातून पैसे उभे करणारा 'कॉन ऑर बस्ट' हा निधी सुरू झाला. एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय लेखिकेची पहिली कादंबरी २०१० मध्ये आली. हा वाद या क्षेत्राच्या भल्याचाच ठरला, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं. पुढे २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षं विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार सर्वोत्कृष्ट कादंबरीसाठी त्यांना मिळाला. दरम्यान २०१६ मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ लिहिण्यासाठी त्यांनी वाचकांकडेच दरमहा वर्गणी मागितली आणि वाचकांनी ती दिली. मोठ्या लेखिकेच्या घरखर्चाची गोष्ट तिच्या वाचकांसमोर मांडली जाणं, हे या संस्कृतीत कुणाला खटकलं नाही.

यावर पहिला आक्षेप अगदी साधा आहे: अद्भुतकथा विसाव्यासाठी असतात, तिथे तरी माणसाला जगाचा त्रास नको. या आक्षेपामागचा थकवा खरा आहे, म्हणून तो झटकून टाकू नये. पण विसावा कुणाला मिळतो, हे विचारावं लागतं. जिच्यासारखं कुणी त्या जगात नाही, किंवा असेल तर नोकर म्हणून आहे, तिला त्या जगात शिरूनही बाहेरच ठेवलेलं असतं. टॉल्किन यांनी १९३९च्या आपल्या परीकथांवरच्या व्याख्यानात पलायनाची बाजू घेतली होती. तुरुंगातला माणूस घराचा विचार करतो तेव्हा त्याला रणातून पळालेला शिपाई म्हणू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. मला तो पटतो, आणि तो पटल्यावर पुढचं पाऊल टाळता येत नाही. घराचा विचार करणारा कैदी आज ना उद्या तुरुंगाबद्दल बोलणारच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. वाद स्वतःच्या जखमेवरून सुरू झाला, की मतभेद म्हणजे जखमेवर मीठ ठरतं, आणि मग विचार थांबतो. २००९च्या वादात हे झालं. टोपणनावाने लिहिणाऱ्या व्यक्तीचं खरं नाव उघड करण्यापर्यंत काही जण गेले. नोकरीच्या, कुटुंबाच्या किंवा सुरक्षिततेच्या भीतीने नाव झाकणाऱ्यांसाठी हा घाव कथेतला नव्हता. पुढे उलट बाजूनेही हल्ले झाले. ह्यूगो पुरस्कार 'राजकीय' झाले म्हणून २०१५ मध्ये काही गटांनी संगनमताने नामांकनं भरली. मतदारांनी पाच विभागांत कुणालाच पुरस्कार न देणं पसंत केलं. २०१८ मध्ये 'स्टार वॉर्स'मधली अभिनेत्री केली मरी ट्रॅन हिने वर्णद्वेषी छळानंतर इन्स्टाग्रामवरच्या आपल्या नोंदी काढून टाकल्या. तरीही यातून, वैयक्तिक गोष्टी वादात आणूच नयेत, असा निष्कर्ष मी काढणार नाही. छळ करणाऱ्यांनी आपलं दुःख सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्याचं खाजगी आयुष्य हत्यार म्हणून वापरलं होतं. स्वतःबद्दल किती सांगायचं हे जिचं तिने ठरवणं आणि ते तिच्याकडून ओरबाडून घेणं, यातला फरक लाइव्हजर्नलच्या कुलपाने सांभाळला होता. नंतरच्या, सगळं सगळ्यांना दाखवणाऱ्या माध्यमांनी तो पुसून टाकला, आणि त्याची किंमत अजून मोजली जाते आहे.

तिसरा आक्षेप असा, की हे सगळं वरवरचं असतं. पुस्तकाचं नाव घेऊन सही केली की लोकांना आपण लढलो असं वाटतं. काही वेळा तसं असतंही. पण हॅरी पॉटर अलायन्स या २००५ मध्ये सुरू झालेल्या संस्थेचं काम पाहावं. २०१०च्या भूकंपानंतर चाहत्यांनी एक लाख तेवीस हजार डॉलर जमवून हैतीला मदतीची पाच विमानं पाठवली. त्याहून मला तिची चॉकलेटची मोहीम जास्त बोलकी वाटते. हॅरी पॉटरच्या नावाने विकल्या जाणाऱ्या चॉकलेटसाठीचा कोको बालमजुरीतून तर येत नाही ना, असा प्रश्न चाहत्यांनी वॉर्नर ब्रदर्सला केला आणि चार लाखांवर सह्या गोळा केल्या. हा प्रश्न विचारायला त्यांना मूळ कथेनेच शिकवलं होतं. हॅरीची मैत्रीण हर्मायनी जेवणाचं ताट समोर आल्यावर ते कुणाच्या फुकट कष्टांतून आलं, हे विचारते. चित्रपटांनी हाउस-एल्फच्या मुक्तीची तिची चळवळ गाळली, चाहत्यांनी ती लक्षात ठेवली. चार वर्षांच्या पाठपुराव्यानंतर जानेवारी २०१५ मध्ये जाहीर झालं, की वर्षअखेरपर्यंत हे सगळं चॉकलेट प्रमाणित कोकोचं असेल. सही आणि चार वर्षं टिकून राहणं यांतलं अंतर या चाहत्यांनी पार केलं, कारण ती कथा त्यांच्या जिव्हाळ्याची होती.

याच कथेत पार्वती आणि पद्मा या पाटील बहिणी आहेत. मराठी वाचक त्या आडनावापाशी थबकतो, आणि मग लक्षात येतं, की आडनावापलीकडे त्यांना फारसं काही दिलेलंच नाही. २०२० मध्ये हॅरी पॉटरच्या लेखिका रोलिंग यांच्या ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीच्या लेखनानंतर अनेक चाहत्यांपुढे याहून कठीण पेच आला: ज्या पुस्तकांनी आपल्याला वेगळं असण्याचा धीर दिला, त्यांच्याच लेखिकेच्या शब्दांनी आपण दुखावलो. कुणी पुस्तकं दूर ठेवली, कुणी लेखिकेला दूर ठेवून पात्रं आपल्याजवळ ठेवली. मला दोन्ही निर्णय प्रामाणिक वाटतात. कथा लिहिणाऱ्याच्या मालकीची असते. तिच्या आधाराने आपण ज्या दिवसांतून निभावलो, ते दिवस मात्र आपले असतात.

मालकीचा हाच प्रश्न २००७च्या मे महिन्यात वेगळ्या रूपात पुढे आला होता. नावं खोडली जाण्याच्या थोडंसं आधी, चाहत्यांच्या कथांवर पैसे कमावू पाहणाऱ्या एका कंपनीमुळे, आपलं लेखन आपल्याच जागेत ठेवावं ही कल्पना मांडली गेली होती. नावांवर रेघा उमटल्यावर तिची निकड सगळ्यांना पटली. कादंबरीकार नेओमी नोविक आणि इतर चाहत्यांनी ना-नफा संस्था स्थापली, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' सर्वांसाठी खुलं झालं. स्त्रीला लिहायला स्वतःची खोली हवी, असं सांगणाऱ्या व्हर्जिनिया वुल्फच्या पुस्तकाची आठवण त्या नावात आहे. जाहिराती नाहीत, देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर कारभार चालतो. प्रत्येक कथेच्या माथ्यावर हिंसा, बलात्कार यांची पूर्वसूचना देण्याची सोय आहे, म्हणजे जिला ते आज वाचणं झेपणार नाही तिने पुढे जावं. जे शब्द २००७ मध्ये खातं बंद करायला पुरेसे ठरले होते, तेच शब्द इथे वाचणारीच्या काळजीसाठी वापरले जातात. आज तिथे एक कोटीहून अधिक कथा आहेत. २०१९ मध्ये डब्लिनच्या संमेलनात या संग्रहाला ह्यूगो मिळाला.

आणि मे २०२३ मध्ये या घरातल्याच वाचकांनी आणि लेखकांनी घराला जाब विचारला. वर्णद्वेषी छळ रोखण्याबाबत २०२० मध्ये संस्थेने दिलेली आश्वासनं अपुरी आणि रेंगाळलेली आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी वेगळं व्यासपीठ शोधलं नाही. आपल्याच नावांत आणि आपल्याच कथांच्या शीर्षकांत ती मागणी लिहिली, आणि खाली नेहमीप्रमाणे कथा सुरू केली.