एका फेरीत एकच सूचना

युकुलेले हातात घेतल्यावर पाच मिनिटांत एक कॉर्ड वाजवता येतो. सी मेजरला एकच बोट लागतं. जमिनीकडच्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर अनामिका ठेवायची, बाकी तिन्ही तारा मोकळ्या. सोप्रानो आकाराच्या वाद्याची एकूण लांबी जेमतेम २१ इंच, तारा नायलॉनच्या, त्यामुळे बोटं सोलवटत नाहीत. दुकानात ते ‘सगळ्यात सोपं वाद्य’ म्हणून विकलं जातं आणि पहिल्या पाच मिनिटांपुरतं ते खरंही आहे.

पुढची अडचण वाद्याच्या आकारातच आहे. पेटी छोटी, तारा आखूड, छेडलेला सूर उमटतो आणि लगेच विरतो. गिटारवर लांबलेल्या नादाच्या पोटात बरंच काही खपून जातं. इथे दोन आघातांमधली जागा रिकामी ऐकू येते, म्हणून लय किंचित हलली तरी कळते. कळते ती ऐकणाऱ्याला. वाजवणाऱ्याचं सगळं लक्ष पुढचा कॉर्ड कुठे धरायचा याकडे असतं. हे वाद्य नुसते व्हिडिओ बघून शिकता येतं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं जमत नाही. बोटं कुठे ठेवायची ते व्हिडिओ दाखवतो. आपली बोटं प्रत्यक्षात कुठे पडली, ते सांगायला समोर कोणीतरी बसलेलं लागतं.

आमचा वर्ग रविवारी सकाळी पुण्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये भरतो. भजनी मंडळात वर्षानुवर्षं टाळ वाजवणारे एक निवृत्त काका, शास्त्रीय गाणं रीतसर शिकलेल्या एक काकू, आठवीतली एक मुलगी, नोकरी करणारे आम्ही काहीजण. शिकवणारा मुलगा पंचविशीतला. काका त्याला ‘सर’ म्हणतात आणि तो त्यांना ‘काका’. दोन्ही बाजूंनी आदर असला की चूक दाखवणं किती अवघड होऊन बसतं, ते अशा वर्गात कळतं. वडीलधाऱ्या माणसाला ‘चुकलं’ म्हणायची आपल्याला सवय नाही. मग ‘छान, छान, सराव वाढवा’ एवढ्यावर भागवलं जातं. ऐकायला गोड, पण ‘छान’ ऐकून हाताने पुढे करायचं काय?

सरांनी यावर काढलेला तोडगा मला आवडला. ते चूक सांगत नाहीत, प्रश्न विचारतात. “काका, आत्ता चारातली कुठली तार बोलली नाही?” काका कॉर्ड न सोडता एकेक तार छेडून बघतात. पहिली बोलते, दुसरी बोलते, तिसरी ठस्स. “तिसरी,” काका म्हणतात, आणि वाकून बघतात तर अनामिका आडवी पडून शेजारच्या तारेला पोटाने टेकलेली. बोट उभं केलं, तार बोलली. “आता हेच दहा वेळा, दर वेळी हात पूर्ण उचलून.” काकांच्या मानाला धक्का नाही, आणि घरी जाऊन नेमकं काय करायचं तेही हातात.

वर्गाचा नियमही यातूनच आला असावा. प्रत्येकाने आठ बार वाजवायचे, बाकीच्यांनी ऐकायचं, मग एक सूचना. एकच. तिच्यात जागा असली पाहिजे (कितव्या बारमध्ये, कुठल्या बोटाने) आणि करण्यासारखं काही असलं पाहिजे. “फील नव्हता” बाद. “तिसऱ्या बारपासून घाई झाली” चालतं. “तिसऱ्या बारला एफ लवकर धरला, कारण आधीच्या कॉर्डची शेवटची मात्रा खाल्ली” सगळ्यात चांगलं. असं नेमकं बोलणं आठवीतल्या मुलीला आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं जमतं. तिला कोणाची भीड नाही.

एका फेरीत दोन सूचना दिल्या की काय होतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. अंगठा सैल सोडायला सांगितलेला माणूस अंगठ्याकडे बघतो. त्याच श्वासात मनगटाबद्दलही सांगितलं की अंगठा पुन्हा आवळला जातो आणि मनगट होतं तिथेच राहतं.

मनगटाचं म्हणायचं तर उजव्या हाताची सगळी करामत तिथेच आहे. नवशिका कोपरापासून हात हलवतो. गिटार पाहिलेली असल्यामुळे तो आवाजाच्या भोकावरच तारा छेडतो, तर युकुलेलेचा गोलसर आवाज मिळतो जिथे मान पेटीला जुळते त्याच्या आसपास. ओले हात झटकताना मनगट जसं सुटतं तसं सुटलं पाहिजे. खाली जाताना तर्जनीचं नख तारांवरून जातं, वर येताना बोटाचा मऊ भाग. नख आणि मांस यांच्या आवाजातला हा फरक हाच मुळी ठेक्याचा रंग. म्हणून पिक दिलं तरी आमचे सर ते बाजूला ठेवायला लावतात.

सगळ्यात जास्त शिकवली जाणारी चाल म्हणजे आयलंड स्ट्रम. आठ अर्ध्या मात्रा धरा. हात विषम जागी खाली जातो, सम जागी वर येतो, न थांबता. पण सगळ्याच फेऱ्यांत तो तारांना लागत नाही. पहिल्या जागी खाली, तिसरीला खाली, चौथीला वर, सहावीला वर, सातवीला खाली, आठवीला वर. दुसरी आणि पाचवी जागा मुकी. त्यातली पाचवी भल्याभल्यांना अडवते, कारण तिथे हात जोरात खाली जायला निघालेला असतो आणि तरीही तारांना न शिवता हवेतून जायचं असतं. बहुतेकजण तिथे हात थांबवतात. हात थांबला की पुढचा ‘वर’ अंदाजाने वाजतो आणि ठेका लंगडतो.

आमच्यात हे काकांना पहिल्यांदा जमलं, आणि तेही सरांच्या समजावण्यामुळे नव्हे. ते एकदम म्हणाले, “अहो, हा केरवा आहे. पाचवीला खाली.” बरोबरच होतं. केरव्याच्या आठ मात्रांत खाली पाचव्या मात्रेवर येते, आणि आयलंड स्ट्रममध्ये हात नेमका तिथेच रिकामा जातो. हवाईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चालीचा आणि आपल्या तालाचा काही नातेसंबंध आहे असा दावा मी करणार नाही. पण भजनात टाळ धरलेल्या माणसाला ती जागा अंगातच ठाऊक होती. सरांनी त्या दिवसापासून आकडे मोजणं सोडून केरवा म्हणायला सुरुवात केली. काकांची एक सूचना अशी शिक्षकाच्या पद्धतीत शिरली.

डाव्या हाताचं दुखणं वेगळं. इथे सगळ्यांची परीक्षा घेतो तो ई मेजर. वरून मोजल्यास पहिल्या तीन तारा चौथ्या पडद्यावर आणि शेवटची दुसऱ्यावर. त्या चिंचोळ्या पडद्यात तीन बोटं कोंबा, नाहीतर अनामिका तिन्ही तारांवर आडवी टाका आणि तिचं पेर इतकं मागे मोडा की चौथी तार मोकळी सुटेल. पेर मोडत नसेल तर चौथ्या तारेवर नको तो सूर वाजतो आणि कॉर्डचा चेहराच बदलतो. पुष्कळजण त्याऐवजी ई सेव्हन लावून वेळ मारून नेतात. गाण्यात ते बऱ्याचदा खपतंही. सरांचा त्याला विरोध नाही, मात्र कुठे पळवाट काढली ते आधी सांगायचं.

ई येत नाही म्हटलं की माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की आणखी बिघडतं. नायलॉनची तार जास्त दाबली तर पडद्यावर ताणली जाऊन सूर चढतो. यावर सरांकडे दोन उपाय आहेत. एक, अंगठा मानेवरून काढून कॉर्ड वाजवायचा, म्हणजे आपण किती आवळत होतो ते आपसूक कळतं. दुसरा, बोट तारेला नुसतं टेकवायचं आणि छेडत छेडत दाब हळूहळू वाढवायचा. आधी ठस्स, मग खरखर, मग स्वच्छ. स्वच्छ झालं की तिथेच थांबायचं, त्यापुढचा सगळा जोर वाया. डोक्यावर लावलेला क्लिपचा ट्यूनर अशा वेळी शिक्षकाचं अर्धं काम करतो. काटा उजवीकडे सरकलेला दिसला की कोणी काही बोलावं लागत नाही.

काटा मात्र सगळ्यांनाच पटतो असं नाही. काकूंची आणि ट्यूनरची पहिल्याच दिवशी बाचाबाची झाली. युकुलेलेच्या चार मोकळ्या तारा जी, सी, ई, ए. पांढरी एक हा सा धरला तर प, सा, ग, ध. यातला प सा-च्या वरचा असतो, म्हणजे चेहऱ्याकडची पहिली तार दुसरीपेक्षा उंच सुराची. ही उलटी ठेवण मदेरा बेटावरून आली. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेवेन्सक्रॅग’ हे जहाज पोर्तुगीज मजुरांना घेऊन होनोलुलूला लागलं. उसाच्या मळ्यांवर आलेल्या त्या माणसांत मानुएल नुनेस, जुझे दु इस्पिरितु सांतु आणि ऑगुस्तु दियास हे तीन सुतार होते. त्यांनी तिथल्या कोआ लाकडात आपल्याकडची वाद्यं घडवायला घेतली. युकुलेलेचा आकार माशेट या छोट्या वाद्यावरून घेतला आणि सूर लावण्याची रीत राजांव या पाच तारांच्या वाद्यावरून. हवाईचा राजा कालाकाउआ याने त्याला दरबारात जागा दिली, १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेला त्याचं वेड लागलं. पोर्तुगीजांबरोबर गोव्यात व्हायोलिन आलं आणि मांडोत घुमटाशेजारी बसलं. हवाईत हे वाद्य घडलं.

तर काकूंनी ग-ची तार तंबोऱ्याच्या सवयीने कानाने लावली. सी कॉर्ड सुरेख लागला, आमच्या सगळ्यांपेक्षा सुरेख. पण एफ कॉर्ड धरला आणि म उतरलेला ऐकू आला. कारण एफमधला म त्याच तारेच्या पहिल्या पडद्यावर आहे, आणि पडदे समान अंतराच्या बारा स्वरांच्या हिशेबाने ठोकलेले. त्या हिशेबातला ग तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा जरा चढाच असतो. हार्मोनियमचंही तेच रडगाणं आहे. इथे सर सहज म्हणू शकले असते की तुमची तार बेसूर आहे. ते म्हणाले, “काकू, तुमचा कान बरोबर आहे. पण पडदे तुमचं ऐकणार नाहीत. एकच कॉर्ड वाजवायचा असेल तर असंच ठेवा, दोन वाजवायचे तर काट्यावर लावा.” काकूंनी तार काट्यावर लावली. नाक मुरडून.

घरच्या सरावासाठी माणूस नसतो तेव्हा मोबाइल कामाला येतो. वाजवणाऱ्याचा कान पेटीच्या वर असतो आणि आवाज समोर जातो, म्हणून फोन समोर, चार हातांवर ठेवून ध्वनिमुद्रण करायचं. लगेच ऐकायचं नाही, असं सर सांगतात. थोड्या वेळाने ऐकलं की आपण परके झालेलो असतो. माझ्या अशा तुकड्यांत जवळपास नेहमी एकच दोष सापडतो. सोप्या कॉर्डवर हात धावतो आणि अवघड कॉर्डच्या आधी अडखळतो. त्यावर मिळालेली सूचना अशी, की बारचा शेवटचा ‘वर’ मोकळ्या तारांवर वाजू द्यायचा आणि तेवढ्या वेळात डावा हात पुढच्या कॉर्डवर न्यायचा. उजवा हात थांबत नाही, आणि मोकळ्या तारांचा तो क्षणभराचा आवाज कोणाच्या ध्यानातही येत नाही. वर्षानुवर्षं वाजवणारेही हे करतात. युक्ती इतकी साधी, पण मी कुठे अडखळते हे सापडेपर्यंत ती मला सांगून उपयोग नव्हता.

कॅनडात हॅलिफॅक्सच्या शाळांमध्ये चाल्मर्स डोन यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत शेकडो मुलांना हे वाद्य शिकवलं. मुलांनी नुसते कॉर्ड धरून गाण्यामागे ठेका देऊ नये, सूर छेडावेत, गावेत, वाचावेत, असा त्यांचा आग्रह होता. सरांनी तो कुठूनसा उचलला आणि गेल्या काही आठवड्यांपासून आमच्यापुढे भूप ठेवला. भूप या वाद्यावर जवळजवळ फुकट मिळतो. सा, ग, प, ध मोकळ्या तारांवर, रे सा-च्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, वरचा सा शेवटच्या तारेच्या तिसऱ्यावर. लागोपाठचे सूर शक्यतो वेगळ्या तारांवर घ्यायचे आणि एकावर एक गुंजू द्यायचे, या तंत्राला कँपानेला म्हणतात. अमेरिकेतल्या जॉन किंग यांनी याच तंत्राने बाखच्या रचना युकुलेलेवर आणल्या. उलट्या ठेवणीच्या प-मुळे हे शक्य होतं. आरोहात अंगठा वरच्या तारेकडे परततो आणि ग अजून वाजत असतानाच प उमटतो.

सरांनी भूपाचा आरोह वाजवून दाखवला. खरोखर सुंदर वाजला. फेरीच्या नियमाप्रमाणे सूचना मागितली, तेव्हा काकू म्हणाल्या, “सर, अवरोहात ग-वरून रे-वर येताना ग वाजतच राहतो. मग रे-वर यायचं कशाला? तो कॉर्ड झाला, भूप कुठे राहिला?” जागा सांगितलेली होती, करण्यासारखंही होतं. सरांनी दोन-तीनदा वाजवून पाहिलं आणि मान्य केलं. ग छेडणारी तर्जनी रे वाजताच ग-च्या तारेवर टेकवून ती दाबायची असं ठरलं. प आणि ध-ला मात्र गुंजू द्यायचं. काकूंचा त्यालाही आक्षेप आहे. पुढच्या रविवारी दोन्ही तऱ्हा वाजवायच्या आहेत, आणि ध-बद्दल काकांचं मतही ऐकायचं आहे. भजनातली भूपाळी त्यांनी आमच्यापेक्षा जास्त वेळा ऐकलेली आहे.