विद्यापीठाचे संगणकीय दप्तर

परीक्षेच्या वेळापत्रकात ऐनवेळी फेरफार झाला, तर दूरच्या तालुक्यातील विद्यार्थ्याला त्याची खातरजमा करून घेण्याचे सर्वांत हुकमी साधन म्हणजे विद्यापीठाचे संकेतस्थळ होय. आणि म्हणूनच ते कसे उभारले जाते व उभारल्यावर कसे सांभाळले जाते, हा एकट्या संगणकतज्ज्ञांच्या नव्हे, तर ज्यांचे हित विद्यापीठाशी निगडित आहे अशा सर्वांच्या आस्थेचा विषय आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत पहिले संकेतस्थळ सुरू केले त्या काळी, आणि पुढेही कित्येक वर्षे, प्रत्येक पान ही एक स्वतंत्र फाइल असे, आणि तिच्यात मजकूर व त्याची मांडणी यांची सरमिसळ असे. दहावीस पानांपुरती ही रीत निभावून जाते. परंतु जेथे अनेक विभाग, संलग्न महाविद्यालये आणि नित्य निघणारी परिपत्रके सांभाळायची, तेथे नवे कुलसचिव रुजू झाले तरी त्यांचे नाव पानोपानी शोधून बदलावे लागे, आणि हे काम एकदोघांवाचून कोणाला येत नसल्यामुळे परीक्षा विभागाची निकडीची सूचनाही त्यांच्या सवडीची वाट पाहत पडून राही.

ही अडचण दूर करणाऱ्या आशय व्यवस्थापन प्रणालींपैकी ‘ड्रुपल’ हिचा जन्म विद्यापीठाच्याच आवारात झाला. बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठाचा विद्यार्थी ड्रीस बाउटार्ट याने २००० साली वसतिगृहातल्या मित्रांना परस्परांसाठी निरोप ठेवता यावेत म्हणून एक छोटी आज्ञावली लिहिली, आणि १५ जानेवारी २००१ रोजी ती सर्वांना विनामूल्य खुली केली. आज जगातील अनेक विद्यापीठांची संकेतस्थळे तिच्यावर चालतात.

तिचे तत्त्व मजकूर आणि मांडणी यांची फारकत करण्याचे आहे. परीक्षा विभागातील कारकून आपल्या पासवर्डाने आत शिरतो, तेव्हा त्याच्यापुढे पान नसून एक अर्ज येतो: विषय, दिनांक, विद्याशाखा, मजकूर, सोबतची फाइल. त्याने भरलेला मसुदा विभागप्रमुखाकडे जातो आणि त्यांची मंजुरी मिळताच प्रसिद्ध होतो. तो डेटाबेसमध्ये एकाच ठिकाणी राहतो. मात्र मुखपृष्ठावरील सूचनांत, विद्याशाखेच्या पानावर आणि जुन्या परिपत्रकांच्या यादीत तो ठरलेल्या साच्यातून आपोआप उमटतो. पूर्वीची आवृत्तीही जपून ठेवण्याची सोय असते, त्यामुळे कोणता शब्द कोणी व केव्हा बदलला याचा दाखला मागाहून काढता येतो. माझ्या मते सार्वजनिक संस्थेच्या दृष्टीने देखण्या मुखपृष्ठापेक्षा या दाखल्याचे मोल अधिक आहे.

परंतु अशा दप्तराला पहाराही अखंड लागतो. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीत असा दोष असल्याचे जाहीर झाले की, पासवर्ड नसलेल्या परक्या माणसालाही बाहेरून पाठवलेल्या मजकुराच्या आडून डेटाबेसला हुकूम सोडता येत होते. दुरुस्ती त्याच दिवशी उपलब्ध झाली; तथापि ज्यांनी ती सात तासांच्या आत बसवली नाही, त्यांनी आपले संकेतस्थळ परहस्तगत झाले असेच समजून चालावे, असा इशारा पुढे सुरक्षा पथकाला द्यावा लागला. उभारणीसाठी भरघोस तरतूद करून निगराणीसाठी एकही कायम मनुष्य न नेमणारी संस्था केवढी जोखीम पत्करते, हे यावरून ध्यानात यावे.

मराठी मजकुराची निराळीच उपेक्षा होते. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून जसाच्या तसा चढवला, तर संगणकाच्या लेखी ते निव्वळ चित्र असते. शोधयंत्राला त्यातले शब्द सापडत नाहीत आणि अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर तेथे मूक होतो. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटात टंकलेल्या मजकुराची गतही फारशी बरी नाही, कारण डोळ्यांना देवनागरी दिसले तरी फाइलीत रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात. त्याच अर्जात युनिकोडमध्ये मराठी टंकून मूळ प्रत सोबत जोडणे कारकुनाला मुळीच कठीण नाही. तसा आदेश मात्र वरून निघावा लागतो.

ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीचा अधिकृत सांभाळ ५ जानेवारी २०२५ रोजी संपला, आणि तिच्यापुढच्या आवृत्त्यांची रचना मुळातून वेगळी असल्यामुळे सारा मजकूर नव्या घरी हलवणे भाग पडते. या स्थलांतरात सर्वाधिक हेळसांड होते ती पानांच्या पत्त्यांची: प्रबंधाच्या तळटिपेत दिलेला अभ्यासक्रमाचा दुवा एका रात्रीत निरुपयोगी ठरतो. वस्तुतः प्रत्येक जुना पत्ता नव्या पत्त्याशी जोडणारी यादी सर्व्हरवर ठेवली, की जुना दुवा उघडणारा वाचक आपोआप योग्य पानावर पोचतो. ही यादी विद्यापीठाने निविदेच्या अटींतच मागून घ्यावी. कारण जुना सर्व्हर बंद होऊन ठेकेदार निघून गेल्यावर ती नव्याने तयार करणे जवळजवळ अशक्य होते.