पेट्रोल म्हणजे साबण नव्हे!

माझ्या दवाखान्यात गॅरेजमध्ये काम करणारी मुले हाताला खाज आणि भेगा घेऊन येतात. "डॉक्टर, साबण सोसत नाही," ही त्यांची ठरलेली तक्रार. पण दोष बहुधा साबणाचा नसतो, पेट्रोलचा असतो. जुन्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवला की त्यावर ऑइल आणि धूळ धगीने भाजून डांबरासारखे कीट बसलेले दिसते. ते काढायला ब्रश पेट्रोलमध्ये बुडवतात आणि शेवटी हातही त्यातच धुतात.

पेट्रोल कातडीतील स्निग्धता ओढून घेते, म्हणून कातडी कोरडी पडून फाटते. शिवाय २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ पेट्रोलमध्येही १ टक्क्यापर्यंत बेंझीन असू शकते. ते श्वासावाटे शरीरात जाते आणि रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरू शकते. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरून दूरच्या ठिणगीनेही पेटते, हे वेगळेच. काही जण कॉस्टिक सोडा लावतात. त्याने डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि गिअरबॉक्स अ‍ॅल्युमिनियमचा असल्यास धातूही खाल्ला जातो.

मग करावे काय? गिअरबॉक्सची उघडी तोंडे बंद करून, कपड्यांच्या पावडरच्या गरम पाण्यात भिजवलेले गोणपाट कीटावर रात्रभर ठेवा. सकाळी मऊ झालेला थर लाकडी पट्टीने खरवडा. उरलेल्या डागांना थोडे डिझेल पुरे. तेही मोकळ्या हवेत, नायट्राइलचे हातमोजे घालून आणि विडी-सिगारेट दूर ठेवून. क्लचजवळची धूळ हवा मारून उडवू नका. जुन्या क्लच प्लेटमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असे, आणि ते फुप्फुसांना घातक असते. ती धूळ ओल्या फडक्याने पुसा.

हातांना खोबरेल तेल चोळा, काळेपणा सुटला की साबणाने धुवा. ऑइलने भिजलेली पँट त्याच दिवशी बदला.

नळीने ओढताना पेट्रोल किंवा डिझेल पोटात गेले, तर उलटी करवू नका. ते फुप्फुसात शिरू शकते. कॉस्टिक डोळ्यात गेल्यास किमान २० मिनिटे नळाखाली डोळा धुवा. दोन्ही वेळी तडक दवाखाना गाठा.

गाडीमालकांनाही एक विनंती. गाडी एक दिवस उशिरा मिळाली तर बिघडत नाही. "संध्याकाळपर्यंत पाहिजे" या घाईपोटीच त्या पोराचा हात पेट्रोलच्या डब्यात जातो.